साथीला आपला माणूस

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो नावाचे उपनगर आहे. एका प्रकल्पाच्या निमित्ताने मी तिथे सव्वा वर्ष राहिलो. गाडी चालवण्याचा परवाना हाती येईपर्यंत मला कार्यालयात नेण्या-आणण्याचे काम एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. ते पश्चिम टेक्सासातल्या लबक शहराचे, अत्यंत मितभाषी गृहस्थ होते. सकाळी गाडीत बसल्यावर हवापाण्याविषयी दोन वाक्ये बोलून ते गाणी लावत आणि मग कार्यालयाचे फाटक येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प असू. ही कंट्री म्हणवली जाणारी गाणी आहेत एवढे मला कळत होते, पण टेक्सासी उच्चारांची सवय नसल्यामुळे शब्द निम्मेही पोहोचत नव्हते. पोहोचत होता तो ठेका. प्रत्येक मात्रेवर पडणारा, पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा जड आणि एकसुरी आघात, आणि त्यावर रापलेला, घोगऱ्याकडे झुकणारा एक पुरुषी आवाज. आठवड्याभराने मी विचारले, हे कोण गाते आहे? “वेलन,” ते म्हणाले. आडनाव सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. पुढच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर, परक्या माणसाला एवढे तरी सांगायला हवे असे वाटून की काय, त्यांनी एकच शब्द जोडला, “आउटलॉ.”

तो शब्द तेव्हापासून मी मराठीत बसवून पाहतो आहे आणि तो बसत नाही. ‘बंडखोर’ सोयीचा आहे, पण निवडणुकांच्या बातम्यांनी तो इतका झिजवला आहे की नाकारलेल्या तिकिटापलीकडचे काही आता त्यातून ऐकू येत नाही. ‘फरारी’ला पोलिसांच्या पत्रकाचा वास येतो. उमाजी नाइकांच्या काळातला ‘बंडवाला’ हा शब्द मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, कारण सरकारने ज्याच्या डोक्यावर बक्षीस लावले आहे असा माणूस त्यातून दिसतो. मात्र तिथेही तुलना लंगडी पडते. उमाजी नाईक फासावर गेले. वेलन, म्हणजे वेलन जेनिंग्ज, आणि त्याच्याच पंथाचा गायक विली नेल्सन यांना ‘हवे आहेत’ म्हणून जाहीर करणारे पत्रक छापले ते एका रेकॉर्ड कंपनीने, आणि तेही तबकडीचे वेष्टन म्हणून.

आउटलॉ म्हणवल्या जाणाऱ्या या गाण्यांच्या चळवळीमागची हकीकत शोधू लागलो तेव्हा व्हिएतनाम युद्ध, विद्यार्थ्यांचे मोर्चे, सरकारविरोधी घोषणा असे काहीतरी हाती लागेल अशी माझी समजूत होती. हाती लागले ते बरेच साधे होते, आणि मला ते अधिक गंभीर वाटले. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ड्रम वाजवायला आपल्या मागे कोण बसणार, यावर हे भांडण होते.

त्यासाठी १९६०च्या दशकातले नॅशव्हिल समजून घ्यावे लागते. टेनेसी राज्यातले हे शहर कंट्री संगीताची राजधानी होते, आणि १९५६च्या सुमारास आलेल्या रॉक अँड रोलच्या लाटेने या राजधानीचा तरुण श्रोता ओढून नेला होता. आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा चेट ॲटकिन्स आणि डेक्का कंपनीचा ओवेन ब्रॅडली या दोन निर्मात्यांनी त्यावर उपाय काढला. गावरान फिडल आणि स्टील गिटार मागे सारायची, व्हायोलिनांचा ताफा आणायचा, पार्श्वभूमीला मऊसूत आवाजांचा वृंद ठेवायचा आणि शहरातल्या दिवाणखान्यात शोभेल असे गाणे तयार करायचे. (स्टील गिटार आपल्याला परकी नाही. हवाई बेटांवरून निघालेले हे वाद्य व्हॅन शिपलींसारख्या वादकांच्या तबकड्यांतून, हिंदी चित्रपटगीतांच्या सुरावटी वाजवत, आपल्या घरांत कधीच येऊन बसले आहे.) या नव्या घाटाला ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणत. हा साउंड म्हणजे नेमके काय असे कोणी विचारले की चेट ॲटकिन्स खिशात हात घालून नाणी खुळखुळवून दाखवत असे, ही गोष्ट तिथे आजही सांगितली जाते.

या पद्धतीचे कसब कमी लेखण्याचे कारण नाही. तीन तासांचे एक सत्र, त्यात तीन-चार गाणी पूर्ण, आणि वाजवणारे तेच मोजके निष्णात वादक, सकाळी एका गायकाबरोबर तर दुपारी दुसऱ्याबरोबर. गाणे त्यांनी आधी ऐकलेलेही नसे. कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीची, नावे लिहिण्याऐवजी ते आकडे लिहीत. एक, चार, पाच असे आकडे मांडले की गायकाने कोणतीही पट्टी घेतली तरी कागद बदलावा लागत नाही. आपला सा कुठेही धरला तरी सरगम तीच राहते. त्याच तत्त्वावर नॅशव्हिलच्या वादकांनी स्वतःपुरती एक लिपी बनवली होती, आणि ती वाचून मला त्या मंडळींविषयी फार आपुलकी वाटली.

पण या व्यवस्थेत गायक हा एक येणारा-जाणारा माणूस होता. गाणे कोणते हे निर्माता ठरवणार, वाद्यमेळ तो ठरवणार, स्टुडिओ कंपनीचा, ध्वनिमुद्रक कंपनीचे. गायकाबरोबर गावोगावच्या नाचघरांत रात्रीमागून रात्री वाजवणारे, त्याचा श्वास कुठे तुटतो हे जाणणारे त्याचे स्वतःचे वादक मात्र स्टुडिओच्या दाराबाहेर. ज्याने बैठकी ऐकल्या आहेत त्याला यातली खोच समजावून सांगावी लागत नाही. गवई बुजुर्ग असो की नवखा, लय कोणाच्या हाती सोपवायची हे त्याला ठरवता आले नाही, तर तो गातो ते गाणे पुरते त्याचे राहत नाही.

वेलन जेनिंग्जचा जन्म १९३७ साली लबकजवळच्या लिटलफील्डमध्ये झाला. दहावीच्या वर्गातच त्याची शाळा सुटली. पुढे तो लबकच्या रेडिओवर निवेदक झाला आणि तिथे बडी हॉलीने त्याला हेरले. रॉक अँड रोलचा हा तरुण तारा लबकचाच. त्याने वेलनच्या हाती बास गिटार दिली, जी वेलनला वाजवता येत नव्हती, आणि दौऱ्यावर नेले. १९५९च्या त्या हिवाळी दौऱ्यातल्या बसगाड्या थंडीने काकडवणाऱ्या होत्या. म्हणून हॉलीने आयोवातून पुढे जायला एक लहान विमान ठरवले. त्यातली आपली जागा वेलनने तापाने फणफणलेल्या जे. पी. रिचर्डसन या गायकाला दिली. तुझी बस गारठून बंद पडो, असे हॉली थट्टेने म्हणाला आणि तुझे विमान कोसळो, असे वेलनने थट्टेनेच उत्तर दिले. ३ फेब्रुवारीच्या पहाटे ते विमान कोसळले. वेलन तेव्हा एकवीस वर्षांचा होता. आपल्या त्या वाक्याचा सल कित्येक वर्षे गेला नाही, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे.

१९६५मध्ये खुद्द चेट ॲटकिन्सनेच त्याला आरसीएत घेतले. सात वर्षे तबकड्या निघत राहिल्या, काही बऱ्यापैकी चालल्या, आणि वेलन कर्जात बुडत गेला. १९७२मध्ये काविळीने त्याला अंथरुणाला खिळवले आणि गाणे सोडून द्यावे असे त्याच्या मनात येऊ लागले. या टप्प्यावर त्याला सावरणारा माणूस होता रिची ऑलब्राइट, त्याचा ड्रमर. रॉकवाले आपला स्टुडिओ, आपले वादक, आपली गाणी स्वतः निवडतात, मग आपणच का नाही, हे त्याने वेलनच्या डोक्यात भरवले आणि न्यूयॉर्कच्या नील रेशन नावाच्या व्यवस्थापकाशी गाठ घालून दिली. रेशन जॅझवादक माइल्स डेव्हिसचेही व्यवहार पाहत असे, म्हणजे कंपन्यांशी दोन हात करण्याचा सराव त्याला होता. त्याने आरसीएशी नवा करार केला. ७५,००० डॉलरची उचल मिळाली, आणि तिच्याहून मोलाचे म्हणजे ध्वनिमुद्रणात काय आणि कसे होईल हे ठरवण्याचा अधिकार मिळाला. या चळवळीचा जाहीरनामा कुठला असे मला कोणी विचारले तर मी त्या करारपत्राकडे बोट दाखवीन. मी गाडीत ऐकला तो पायाचा ठेका ऑलब्राइटचा होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

नव्या अधिकाराचे पहिले ठसठशीत फळ म्हणजे १९७३चा ‘हाँकी टाँक हिरोज’ हा अल्बम. त्यातली एक सोडून सगळी गाणी बिली जो शेव्हर या जवळजवळ अनोळखी माणसाची आहेत. लाकडाच्या गिरणीत काम करताना शेव्हरच्या उजव्या हाताच्या बोटांची पेरे तुटली होती, तरी तो त्याच हाताने गिटार छेडत असे. तुझ्या गाण्यांचा अख्खा अल्बम करीन असा शब्द वेलनने एका जत्रेत त्याला दिला आणि पुढे कित्येक महिने तो त्याला टाळत राहिला. शेवटी शेव्हरने भर स्टुडिओत, सगळ्यांच्या देखत त्याला अडवले, आणि माझी गाणी ऐकतोस की इथेच मार खातोस असा रोकडा सवाल केला. वेलनने ऐकली. रचना बेतीव नाही, कडव्यांना घासूनपुसून गोल केलेले नाही. बाकी लोक बंडाच्या ज्या खुणा केस, दाढी आणि चामड्याच्या जाकिटात शोधतात, त्या मला या अल्बमच्या मोकळ्या जागांत दिसतात. दोन ओळींमध्ये काहीच वाजत नाही, आणि ते तसेच राहू दिलेले आहे.

त्यानंतर वेलन टॉम्पॉल ग्लेझर या गायकाच्या स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रण करू लागला. आपल्या गायकांनी आपल्याच स्टुडिओत गावे असा आरसीएचा ध्वनिमुद्रकांच्या संघटनेशी करार होता. वेलनने तो नियम धाब्यावर बसवला आणि १९७७मध्ये आरसीएने नॅशव्हिलमधले आपले स्टुडिओ बंदच केले. गायक मोकळा झाला याचा आनंद आहे, पण त्या स्टुडिओंत पगारावर असलेल्या ध्वनिमुद्रकांच्या दृष्टीने ही गोष्ट कोणी लिहिली तर नायक कोण ठरेल याची मला खात्री नाही.

विली नेल्सनची तऱ्हा वेगळी. वेलन भांडून जिंकला, विली उठून निघून गेला. नॅशव्हिलमध्ये गीतकार म्हणून त्याचे नाव होते. पॅट्सी क्लाइनने १९६१मध्ये अजरामर केलेले ‘क्रेझी’ हे त्याचेच. गायक म्हणून मात्र त्याचे करायचे काय हे कोणाला उमगत नव्हते, कारण तो ठेक्याच्या मागे रेंगाळतो, कधी पुढे निसटतो, आणि शब्द संपता संपता अलगद जागेवर येतो. समेचा सराव असलेल्या कानाला हे गाणे ऐकताच घरचे वाटते. नॅशव्हिलच्या निर्मात्यांना ते बेताल वाटले. नॅशव्हिलजवळचे त्याचे घर जळाले तेव्हा धुरात शिरून त्याने दोनच वस्तू बाहेर काढल्या, गिटार आणि गांजा. हे तोच हसत हसत सांगतो. ती गिटार म्हणजे नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवायची मार्टिन. चित्रपटातल्या एका घोड्याच्या नावावरून त्याने तिचे नाव ट्रिगर ठेवले. अर्धशतकाहून अधिक काळ पिकने वाजवून वाजवून तिच्या लाकडाला आरपार भोक पडले आहे.

विली टेक्सासात परतला आणि १९७२मध्ये ऑस्टिनला स्थायिक झाला. तिथे सैन्याच्या एका जुन्या इमारतीत ‘आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स’ नावाचे संगीतगृह चाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो तिथे गायला, आणि लांब केसांची विद्यापीठातली पोरे व रुंद टोप्यांचे शेतकरी-गुराखी एका छपराखाली बसले. इतर वेळी ही माणसे एकमेकांच्या अंगावर गेली असती. १९७५च्या आरंभी त्याने ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ ध्वनिमुद्रित केला तो गार्लंडच्या एका नव्या स्टुडिओत. प्लेनोपासून जवळच असलेल्या या गावात मी दर पंधरवड्याला तूरडाळ आणायला जात होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. जेमतेम काही हजार डॉलरांत, गिटार, त्याच्या बहिणीचा पियानो, थोडा माउथऑर्गन अशा मोजक्या सामग्रीवर केलेले हे काम कोलंबिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना कच्चा खर्डा वाटले. पण करारात शेवटचा शब्द विलीचा होता, त्यामुळे जसे होते तसे ते बाजारात गेले. त्यातले ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ हे दुसऱ्याने लिहिलेले जुने गाणे, गायक म्हणून विलीला कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या स्थानावर नेणारे पहिले ठरले. वयाची चाळिशी तेव्हा उलटून गेली होती.

आता त्या शब्दाकडे येतो. ग्लेझरच्या कचेरीत प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या हेझल स्मिथला नॉर्थ कॅरोलिनातल्या एका रेडिओ केंद्राने विचारले, तुमच्या या मंडळींच्या गाण्यांचा आम्ही कार्यक्रम करतो, त्याला नाव काय द्यावे? तिने शब्दकोश उघडून, अर्थ पडताळून ‘आउटलॉ’ सुचवले. एवढाच त्या बारशाचा इतिहास आहे. जानेवारी १९७६मध्ये आरसीएच्या जेरी ब्रॅडलीने ‘वाँटेड! द आउटलॉज’ हा अल्बम काढला. वेलन, विली, जेसी कोल्टर आणि टॉम्पॉल ग्लेझर यांची बहुतांशी आधीच पडून असलेली ध्वनिमुद्रणे एकत्र केली आणि वर पिवळट कागदावरच्या जुन्या धरपकडीच्या जाहिरातीसारखे चित्र छापले. दहा लाख प्रतींच्या विक्रीबद्दल प्लॅटिनम ठरलेला हा पहिला कंट्री अल्बम. (ते मानांकन त्याच वर्षी सुरू झाले होते, हेही सांगायला हवे.) हा जेरी ब्रॅडली कोण, तर ओवेन ब्रॅडलीचा मुलगा. बापाने ज्या गुळगुळीत गाण्याचा कारखाना उभारला, त्या गाण्याविरुद्धचे बंड मुलाने त्याच शहरात वेष्टन घालून विकले. मला यात कपट दिसत नाही. दुकान चालवणाऱ्याला गिऱ्हाईक कळते, इतकेच.

मात्र या वेष्टनामुळे कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले हे पाहण्यासारखे आहे. मर्ल हॅगर्ड हा कंट्री गायक खरोखर सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात होता, गायक जॉनी कॅशचा कार्यक्रम त्याने कैद्यांच्या रांगेत बसून ऐकला आणि १९७२मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याला रीतसर माफी दिली. त्या पत्रकावर तो नाही. तो आणि कॅलिफोर्नियातल्याच बेकर्सफील्डचा गायक बक ओवेन्स हे नॅशव्हिलपासून तीन हजार किलोमीटर दूर, आपापले वादक घेऊन आधीपासूनच तबकड्या करत होते. वेलनला ज्यासाठी झगडावे लागले ते त्यांना अंतराने मिळवून दिले होते.

बायकांचे काय, हा प्रश्न मला त्याहून जास्त सतावतो. पत्रकावरच्या चौघांत जेसी कोल्टर ही एकटी स्त्री आहे आणि वेलनची पत्नी म्हणूनच तिची ओळख करून दिली जाते. वास्तविक तिने स्वतः लिहिलेले ‘आय अ‍ॅम नॉट लिसा’ १९७५मध्ये पॉपच्या यादीतही चौथ्या स्थानावर गेले होते, जिथपर्यंत तोवर वेलन किंवा विली कोणीच पोहोचले नव्हते. आणि लोरेटा लिन? केंटकीच्या कोळसा खाणकामगाराची ही मुलगी, लहान वयात लग्न झालेली, विशीतच चार मुलांची आई. तिने १९७५मध्ये गर्भनिरोधक गोळीवरचे गाणे बाजारात आणले आणि कित्येक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचे नाकारले. ते ध्वनिमुद्रित झाले होते ओवेन ब्रॅडलीच्याच देखरेखीखाली, त्या बदनाम व्यवस्थेच्या आतच. लोरेटाला कोणी आउटलॉ म्हटले नाही. तिने दाढी वाढवली नव्हती, एवढेच कारण मला सुचते.

वेलनला स्वतःला हे नाव लवकरच जड झाले. ऑगस्ट १९७७मध्ये तो गात असतानाच अमली पदार्थविरोधी खात्याचे अधिकारी स्टुडिओत शिरले. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण कोकेन होते, आणि पुष्कळ होते. वर्षभराने त्याने आउटलॉपणाचे हे सोंग आता हाताबाहेर गेले, अशा आशयाचे गाणे लिहून ध्वनिमुद्रित केले आणि तेही खपले. व्यसन सोडायला त्याला १९८४ उजाडले.

परतीच्या थोडे आधी, नोव्हेंबरातल्या सुट्टीत, माझ्या सहकाऱ्यांनी मला लबकला त्यांच्या घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी तासभर गाडी चालवून लिटलफील्ड दाखवले. मी यवतमाळकडचा. कापूस मला नवा नाही, पण एवढ्या सपाट जमिनीवर, वेचणारे एकही माणूस नसताना, यंत्रांनी दाबून बांधलेल्या ट्रकएवढ्या ढेपा क्षितिजापर्यंत मांडलेल्या मी प्रथमच पाहिल्या. लहानपणी वेलनने याच मुलखात हातांनी कापूस वेचला होता आणि त्यातून सुटण्यासाठीच गिटार धरली होती. गावात आता त्याच्या नावाचा एक रुंद, रिकामा रस्ता आहे. त्यावरून जाताना सहकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे गाणे लावले नाही. त्याऐवजी ते चक्क बोलले. वेलनचा मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा, ज्याने स्वतः शाळा अर्धवट टाकली त्याने पोराला कोणत्या तोंडाने अभ्यास कर म्हणायचे, असा प्रश्न त्याला पडला. मग दौऱ्याच्या बसमध्ये, एका कार्यक्रमाहून दुसऱ्या कार्यक्रमाला जाता जाता, तो ध्वनिचित्रफिती लावून बीजगणित आणि व्याकरण शिकत असे. बावन्नाव्या वर्षी त्याने शाळा सोडलेल्यांसाठी असलेली परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. “इथल्या मास्तरांना पटले नसते,” असे म्हणून त्यांनी गाडी लबकच्या रस्त्याला वळवली.